रुळावरचे हात आणि आराखड्यावरचे हात

१

शाळकरी मुलांना विज्ञानाची गोडी लावायची असेल तर त्यांना आगगाडी दाखवा, इंजिन दाखवा, विमान दाखवा, असे शिक्षणतज्ज्ञ आग्रहाने सांगत आले आहेत. त्यात खोटे काही नाही. चालते यंत्र पाहून ज्याचे डोळे विस्फारत नाहीत असे मूल नाही. ३० ऑक्टोबर २००७ रोजी दिल्लीहून 'सायन्स एक्सप्रेस' नावाची सोळा डब्यांची गाडी निघाली. त्या वेळचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँजेला मर्केल यांनी तिला निशाण दाखवले. पुढे दहा वर्षे ही गाडी देशभर फिरली आणि शाळांच्या रांगा फलाटावर उभ्या राहिल्या. विज्ञान गाडीत बसून मुलांच्या गावी आले. कल्पना चांगली होती.

पण या कल्पनेमागे एक गृहीत आहे. विज्ञान गाडीच्या डब्यात असते आणि मूल फलाटावर रिकाम्या हाताने उभे असते, असे ते गृहीत. आपल्या समाजाचा इतिहास या गृहीताशी जुळत नाही. ही गाडी ज्या रुळांवरून आली ते रूळ कोणी टाकले? त्यांखालची खडी कोणी ठोकली? ज्या घरांतील तीन-तीन, चार-चार पिढ्या रुळांवर राबल्या, त्या घरांत लोखंड, उष्णता, वेग, उतार, भार यांचे ज्ञान होतेच. मग त्या घरांत अभियंता का जन्माला आला नाही? आणि आला तो शंभर वर्षे उशिरा का आला?

रेल्वे आणि शिक्षण यांचा विचार या प्रश्नापासून सुरू केला पाहिजे. तो इतिहासाचा प्रश्न आहे, आणि ज्याला शाळेत विज्ञान शिकवायचे आहे त्याच्या रोजच्या कामाचाही आहे.

२

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. एकवीस मैलांचे अंतर, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी. हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्यानंतर दहा वर्षे बोरघाटात जे घडले ते पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नाहीच.

मुंबई आणि दख्खन यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत. गाडी पुण्याला न्यायची तर सुमारे अठराशे फूट चढण चढायची. १८५६ साली काम सुरू झाले, १८६३ साली घाटातून गाडी धावली. पंचवीस बोगदे खणावे लागले. काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट असा चढ होता. आगगाडीच्या हिशेबात हा चढ फारच उभा, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घट्ट पकड घेत नाही. एका जागी तर डोंगराने वळणच घेऊ दिले नाही. तिथे गाडी थांबवून उलट दिशेने काढावी लागे. ती सोय १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडली.

हे सारे अभियांत्रिकीच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते, आणि ते आहेही अभिमानाचे. पण या घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. बायका आणि पोरे डोक्यावर माती वाहत होती. सुरुंगासाठी भोके पाडणारे मजूर दोराला लोंबकळून कड्यावर काम करीत. पटकीने, तापाने आणि अपघाताने हजारोंनी माणसे मेली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी उठाव केला. मूळचा ठेकेदार फॅव्हिएल काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच मेला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुरा करवून घेतला. ठेकेदारांची नावे आपल्याला माहीत आहेत, मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव माहीत आहे. ज्यांनी बोगदे खणले त्यांतले एकही नाव माहीत नाही.

या मजुरांत दख्खनच्या गावोगावची भूमिहीन, गावकुसाबाहेरची माणसे होती. गावात त्यांच्या वाट्याला वेठ आणि बलुते होते. इथे निदान रोख मजुरी होती. म्हणून महार आणि इतर अस्पृश्य जातींची माणसे रेल्वेकडे, गोदीकडे, गिरण्यांकडे, लष्करी कारखान्यांकडे वळली. यंत्रयुगाने गावगाड्याच्या बाहेर पडायला एक दार उघडले हे मान्य केलेच पाहिजे. पण दाराच्या आत किती पावले टाकू दिली, हेही मोजले पाहिजे.

३

ही पावले बाबासाहेब आंबेडकरांनी मोजली होती. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रतिपादन याच परिषदेतले. ते वारंवार उद्धृत होते. परंतु त्याच भाषणात रेल्वेतील जागांची जी उलटतपासणी आहे तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. स्टेशनावर पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. कारखान्यातही त्याला कारागिराच्या जागेवर चढू दिले जात नाही, तिथे तो हमालच राहतो. बाबासाहेबांनी दाखवले ते असे.

ही मांडणी नीट समजून घ्यावी. रेल्वेच्या कोणत्याही नियमात जात लिहिलेली नव्हती. नियमाने दार उघडे होते. दार बंद होत होते ते घरकामाने, पाण्याच्या माठाने, शेजारच्या कामगाराच्या नाराजीने. मुंबईच्या गिरण्यांतही हेच होते. विणकामखात्यात मजुरी जास्त, पण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा घेणार? म्हणून सबंध खातेच बंद. यंत्राची एक लहानशी रचना आणि एक जुना विटाळ एकत्र आले आणि हजारो माणसांची वाट अडली.

कारखान्याचे दार बंद झाल्याने केवळ पगार बुडाला असे नाही. परळचा, माटुंग्याचा, मनमाडचा रेल्वे कारखाना ही त्या काळातली खरी तंत्रशाळा होती. फिटरच्या हाताखाली उमेदवारी करणारा पोरगा कॅलिपर धरायला शिकत होता, आराखडा वाचायला शिकत होता. लोखंड किती तापवले की कसे वागते हे शिकत होता. त्याचा मुलगा पुढे डिप्लोमाला जात होता, नातू इंजिनिअर होत होता. अशी घराणी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. गँगमनच्या घरात ही शिडी पहिल्या पायरीलाच तुटली होती.

आणि कारखान्यात पाऊल पडलेच तर? बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील त्याच नावाच्या कथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. त्या कथेची धग वाचकांना ठाऊकच आहे. इथे एवढेच नोंदवायचे की यंत्राशेजारी उभे राहायला मिळाले तरी यंत्रापासून परतताना जायला घर नव्हते.

४

आगगाडी आणि जात यांची गाठ एका शाळकरी मुलाच्या आयुष्यात कशी पडली, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९०१ सालची गोष्ट. वडील गोरेगावला नोकरीला होते. तिथे दुष्काळग्रस्तांसाठी तलावाचे काम चालू होते. सुट्टीत साताऱ्याहून भाऊ आणि भाच्यांसह लहानगा भीमराव वडिलांकडे निघाला. आगगाडीचा पहिलाच प्रवास, नवे कपडे, मुले हरखून गेलेली. गाडीने त्यांना मसूर स्टेशनात सुखरूप उतरवले. पुढचा प्रवास बैलगाडीचा. मुले महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर गाडी ठरली. जवळ खायला भरपूर होते, पण रात्रभर पाण्याचा थेंब कोणी दिला नाही.

या प्रसंगाकडे विज्ञानाच्या शिक्षकानेही पाहावे. लोखंडी चाकाला जात कळली नाही. वाफेने सगळ्यांना सारख्याच वेगाने नेले. जात सुरू झाली ती फलाटावर. म्हणजे नवे तंत्रज्ञान आले की जुना समाज आपोआप मोडतो हा सिद्धान्त खोटा ठरतो, आणि तंत्रज्ञानाने काहीच बदलत नाही हा निराशेचा सिद्धान्तही खोटा ठरतो. गाडीने मुलांना मसूरपर्यंत नेलेच होते. पुढचा रस्ता माणसांनी अडवला होता, म्हणून तो माणसांनीच मोकळा करायचा होता.

या रस्त्याचा विचार जोतीराव फुल्यांनी आधीच केला होता. १९ ऑक्टोबर १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे जातो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, त्यात लेखन-वाचन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे द्या, ही त्यांची मागणी होती. राबणाऱ्याच्या मुलाला त्याच्या कामाचे शास्त्र मिळाले पाहिजे, हा त्या मागणीचा गाभा. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेत होते. चुना, दगड, मजूर आणि इंजिनिअर यांच्यातला व्यवहार त्यांनी जवळून पाहिला होता.

साठ वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सभासद असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयना दिले. त्यात शिक्षणाची मागणी अगदी नेमकी आहे. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी देशात आणि परदेशात शिकायला शिष्यवृत्त्या हव्यात. आणि सरकारी छापखाने व रेल्वे यांत अस्पृश्य मुलांना तांत्रिक उमेदवारी मिळायला हवी. मनमाडला ज्या कारखान्याचे बंद दार त्यांनी दाखवले होते, त्याच दारावर चार वर्षांनी त्यांनी सरकारात बसून थाप मारली. १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत उभ्या केलेल्या पहिल्या महाविद्यालयाचे नावच सिद्धार्थ कॉलेज ऑफ आर्ट्स अँड सायन्स असे आहे. आपण त्यातले 'सायन्स' फार लवकर विसरलो.

१९७३ पासून आय.आय.टी.मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. सुरुवातीची कितीतरी वर्षे त्यांतल्या अनेक जागा रिकाम्या राहत. विरोधकांनी याला गुणवत्तेचा अभाव म्हटले. खरे कारण शाळेत होते. वरचा मजला बांधला, जिना बांधला नाही.

५

हा जिना कसा बांधायचा? माझे म्हणणे असे की त्याचा दगड आपल्या वस्तीतच पडलेला आहे. गँगमनला जे ठाऊक होते ते शाळेच्या फळ्यावर आणले तर माध्यमिक शाळेतील भौतिकशास्त्राचा मोठा भाग त्यातून उभा राहतो. शिक्षकांसाठी काही उदाहरणे देतो.

दोन रुळांच्या सांध्यात फट ठेवतात, हे गँगमनच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत. का ठेवतात? पोलाद एका अंशाने तापले की आपल्या लांबीच्या लाखात सुमारे १.२ भाग वाढते. ब्रॉडगेजचा एक रूळ १३ मीटरचा. पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत रूळ ४० अंशांनी तापला तर तो सहा मिलिमीटरांहून थोडा अधिक वाढतो. फट नसेल तर हा रूळ वाकेल. आता मुख्य मार्गांवर रूळ वेल्ड करून लांबच लांब केलेले असतात, सांधे फार थोडे. मग वाढ कुठे जाते? ती स्लीपर, पकडी आणि खडी दाबून धरतात. म्हणून तर कडक उन्हात रुळांवरून गस्त घालावी लागते आणि खडी नीट ठोकलेली असावी लागते. आठवीच्या मुलाने हे गणित सोडवले की त्याला प्रसरणांक समजतो, आणि आपला बाप वैशाखात भर दुपारी रुळांवरून का चालत होता हेही समजते.

जुन्या सांध्यांच्या मार्गावर डब्यात बसले की ठोके ऐकू येतात. आपल्या खालच्या चाकांचा सांध्यावरचा जोडठोका एकच धरायचा आणि ४७ सेकंदांत असे किती ठोके पडले ते मोजायचे. जितके ठोके तितके किलोमीटर ताशी वेग. यात जादू नाही. १३ मीटरला ३.६ ने गुणले की ४६.८ येतात. घड्याळ आणि कान एवढ्यावर वेगमापन होते. मुलांना हे आधी सांगू नये, त्यांनाच शोधू द्यावे.

वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवतात. किती उंच हे तिथल्या वेगावर ठरते आणि गँगचा मेट ते पातळी लावून तपासतो. पाण्याने अर्धी भरलेली बादली हाताने गोल फिरवली की पाणी सांडत नाही, हा खेळ प्रत्येक पोराने केलेला असतो. त्या खेळापासून या रुळापर्यंत एका तासात पोहोचता येते.

गाडीचे चाक सपाट नसते, किंचित निमुळते असते. आतल्या कडेला व्यास मोठा, बाहेरच्या कडेला लहान. त्यामुळे गाडी रुळांच्या मध्यावर आपसूक येत राहते. प्लास्टिकचे दोन सारखे पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा, म्हणजे मध्ये जाड आणि कडेला निमुळते चाक तयार होते. दोन काठ्या समांतर ठेवून थोडा उतार द्या आणि हे चाक सोडा. ते डुलत डुलत पण रुळांवरूनच खाली येईल. आता पेले बुडाला बूड लावून चिकटवा. ते चटकन खाली पडेल. चार आण्यांचा प्रयोग, पण चाकाच्या आकारामागचा विचार हातात येतो. बोरघाटातल्या सदतीसास एक या चढाचे तसेच. फळी, वीट आणि दोरी घेऊन मूल स्वतः चढ तयार करील आणि गाडीला मागून आणखी इंजिने लावून ढकलावे का लागते हे सांगेल.

मुलांना रुळांवर नेण्याची गरज नाही, नेऊही नये. निवृत्त गँगमन, चावीवाला, खलाशी, फिटर यांना वर्गात बोलवावे. त्यांना पाहुणा म्हणून हार घालून बसवू नये, शिक्षक म्हणून उभे करावे. ज्या मुलाने आयुष्यभर बापाला साहेबापुढे खाली मान घालून उभे पाहिले, तो बाप फळ्यापुढे उभा राहून बोलतो आणि मास्तर ऐकतात, हे पाहणे हा त्या मुलाच्या शिक्षणातला फार मोठा धडा आहे.

६

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. गँगमनच्या मुलाला गँगमनच्या कामातून शिकवायचे म्हणजे पुन्हा बापाचा धंदाच त्याच्या गळ्यात घालायचा नाही का? आपल्या देशात हे झालेले आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला मांडली गेलेली नई तालीम हस्तव्यवसायाभोवती शिक्षण उभारत होती. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधर्माचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी ती रद्द केली. तो विरोध रास्त होता. श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिला होता. बापाचा धंदा शिकवून मुलाला बापाच्याच जागी उभे करणारे शिक्षण आपल्याला नको.

फरक दिशेचा आहे. राजाजींची योजना मुलाला शाळेतून धंद्याकडे पाठवत होती. इथे धंद्यातले ज्ञान शाळेत आणायचे आहे आणि तिथून मुलाला पुढे, आराखड्याच्या टेबलाकडे न्यायचे आहे. खडी कशी ठोकावी हे त्याला शिकायचे नाही. खडी ठोकल्याने रूळ का टिकतो हे शिकायचे आहे, म्हणजे उद्या खडी ठोकणारे यंत्र तो आखू शकेल. आणि हे शिक्षण केवळ दलित मुलांपुरते ठेवू नये. सवर्ण मुलानेही त्याच वर्गात बसून गँगमनकडून प्रसरणांक शिकला पाहिजे. त्याच्या डोक्यातला विटाळ काढायला याहून चांगला तास दुसरा नाही.

शिकवण्याची ही पद्धत स्वप्नातली नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात गेला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद करेपर्यंत तीस वर्षे टिकला. पुण्याला ट्रक तयार करणाऱ्या कारखान्यात काम करणारे तरुण अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांतून त्यांनी मुलांना भूमितीच्या आकृत्या करायला शिकवले. सायकलच्या दुकानात काही पैशांना मिळणारी वस्तू प्रयोगशाळा झाली.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. १९८० च्या दशकात या केंद्राने महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काही वर्षे काम केले. मुले मागे का पडतात, हे शोधताना त्यांना आढळले की बुद्धी कमी नव्हती, पाठ्यपुस्तकाची भाषा परकी होती आणि शाळेबाहेर आधार नव्हता. भाषा सोपी केली, प्रश्न विचारायला मोकळीक दिली, हाताने करायला दिले, तेव्हा ही मुले पुढे गेली. आपल्या चळवळीने हा निष्कर्ष घराघरांत नेला असता तर किती तरी मुले विज्ञानाच्या भीतीतून वाचली असती.

७

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपल्या मुलांनी इंजिनिअर का व्हावे? नोकरीसाठी, हे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे.

रेल्वेच्या डब्यातील संडास पाहा. शंभर वर्षांहून अधिक काळ त्याची रचना एकच होती. तळाला भोक, खाली रूळ. कुणी तरी कागदावर ती रेषा काढली आणि कोणी तरी तिला मंजुरी दिली. त्या रेषेचा परिणाम असा झाला की देशातल्या स्टेशनांवर रुळांवरची घाण हाताने काढणारी माणसे लागली, आणि ती कोणत्या जातींची होती हे सांगायला नको. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला, तरी डब्याच्या तळाचे भोक होतेच. जिवाणूंकडून मैला कुजवणारी टाकी डब्याखाली बसवण्याचे काम रेल्वेने मोठ्या प्रमाणावर हाती घेतले ते २०१० नंतरच्या दशकात. यातले विज्ञान फार कठीण नव्हते. घाण जिथे पडत होती तिथे आराखडा काढणाऱ्याच्या घरातले कोणी उभे नव्हते, म्हणून शंभर वर्षे लागली.

यंत्राची प्रत्येक रेषा हा समाजाविषयीचा निर्णय असतो. धोट्याच्या भोकाने विणकामखाते बंद केले. डब्याच्या भोकाने माणसाच्या हातात झाडू दिला. आराखडा कोण काढतो यावर कोणाचे हात कशात बुडणार हे ठरते. म्हणून आपल्या मुलामुलींना विज्ञानाकडे वळवण्याचे काम हे मुक्तीच्या लढ्याचेच काम आहे. आपली मुलगी आराखड्याच्या टेबलाशी बसली, तर खाली रुळावर कोण उभे आहे हे ती विसरणार नाही. ती विसरू नये, यासाठीच तिला हा इतिहास शिकवायचा.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना विनंती अशी. वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक पेटी ठेवा. तिच्यात दोरी, भिंग, चुंबक, तारा, सायकलचे जुने सुटे भाग असू द्या. चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या रथाशेजारी मुलांनी केलेली चालती यंत्रे मांडा, आणि ती कशी चालतात हे त्यांनाच समजावून सांगू द्या. रेल्वेत राबलेल्या म्हाताऱ्यांकडून त्यांच्या कामाची माहिती लिहून घ्या. बोरघाटातल्या माणसांची नावे आपल्याला मिळाली नाहीत, यांची तरी हरवू नयेत. आणि मुलगा वा मुलगी 'हे असे का?' म्हणून विचारील तेव्हा गप्प बस म्हणू नका. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला गप्प बसवण्यात आले. विज्ञान त्याच प्रश्नापासून सुरू होते.